टीएनएफचा निरोप, पेशीचा निर्णय

१९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी बीसीजी टोचलेल्या उंदरांना जिवाणूंचं विष दिलं. त्या उंदरांचा रक्तद्रव कर्करोगाच्या गाठी असलेल्या दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांच्या गाठी रक्ताळून झडू लागल्या. या करामती द्रव्याला नाव मिळालं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजेच टीएनएफ.

नावावरून मारेकरीच वाटतो. पण प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर नुसता टीएनएफ घातला, तर बहुतेक पेशींचा केसही वाकडा होत नाही. सोबत सायक्लोहेक्झिमाइड, म्हणजे नवी प्रथिनं बनू न देणारं रसायन घाला. काही तासांतच त्याच पेशी आक्रसतात, कडांना फुगे धरतात आणि तळ सोडून तरंगायला लागतात. निरोप तोच, तो घेणारा टीएनएफआर-१ रिसेप्टरही तोच.

हा रिसेप्टर पेशीच्या आवरणात आरपार रोवलेला असतो. बाहेर टीएनएफ चिकटला, की आतल्या टोकाशी मदतनीस प्रथिनं जमतात आणि एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला कामाला लावतात. ते केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं. त्यांतलंच एक सी-फ्लिप नावाचं प्रथिन बनवतं. २००३ मध्ये ऑलिव्हिए मिशो आणि युर्ग चॉप यांनी पुढची पायरी दाखवली: मदतनीस प्रथिनं नंतर रिसेप्टर सोडून आत सरकतात आणि कॅस्पेस-८ या कापाकापी करणाऱ्या एन्झाइमला सोबत घेतात. तोवर सी-फ्लिप तयार असेल तर ते कॅस्पेसला आवरतं. नसेल, तर पेशी संपली.

मला ही व्यवस्था भलतीच धूर्त वाटते. पेशीत घुसून तिची प्रथिननिर्मिती बळकावणाऱ्या विषाणूमुळे सी-फ्लिपच बनत नाही. पेशी मरते आणि विषाणूचा मुक्कामही उठतो. विषाणूही कमी नाहीत. काऊपॉक्सचा विषाणू कॅस्पेस-८ लाच रोखणारं प्रथिन बाळगून असतो. मग पेशीचीच आरआयपीके-३ आणि एमएलकेएल ही प्रथिनं दुसऱ्या वाटेने तिचं आवरणच फोडू शकतात.

आमवातात मात्र टीएनएफची सूज सांधेच खाते, म्हणून त्याला अडवणारी इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही इंजेक्शनं देतात. पण फुप्फुसात दबून बसलेल्या क्षयाच्या जंतूंभोवतीचा वेढाही टीएनएफच्याच जोरावर टिकतो. क्षय घरोघरी माहीत असलेल्या आपल्या देशात तर ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि दबलेला क्षय हुडकणारी माँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी टाळून चालत नाही.