संगीत महोत्सवांतील बेवारस तंबू आणि कचरा

मोकळ्या रानात किंवा शेतात काही दिवस मुक्कामी भरणारे संगीत महोत्सव उठल्यावर मागे राहणारा कचरा, आणि त्यातही प्रेक्षकांनी जागेवरच टाकून दिलेले तंबू, स्लीपिंग बॅगा, हवेच्या गाद्या, घडीच्या खुर्च्या, छत्र्या असे सामान. हा प्रश्न मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतला. ब्रिटनमध्ये त्याची सर्वांत जास्त चर्चा झाली, कारण तिथे उन्हाळ्यात तीन-चार रात्री तंबूत राहून गाणी ऐकणे हा तरुणपणाचा जवळजवळ संस्कारच मानला जातो. ब्रिटिश महोत्सवांतून वर्षाला सुमारे २३,५०० टन कचरा निघतो आणि त्यातला दोन-तृतीयांशाहून अधिक जमिनीत पुरला जातो, असा अंदाज त्या क्षेत्रातल्याच संस्थांनी २०१५ मध्ये मांडला. पुढे २०१९ मध्ये स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेने (असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट फेस्टिव्हल्स) तंबूंचा वेगळा आकडा दिला: दरवर्षी सुमारे अडीच लाख.

आरंभ

मोठ्या जमावाने रानात राहायचे आणि जाताना पसारा सोडून जायचे, हे अशा महोत्सवांच्या जन्मापासून चालत आले आहे. ऑगस्ट १९६९ चा वुडस्टॉक महोत्सव न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे मॅक्स यासगर या दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर झाला. चार लाखांच्या आसपास माणसे आली, पाऊस झाला, आणि शेवटच्या दिवशी सोमवारी सकाळी जिमी हेंड्रिक्स वाजवायला उभा राहिला तेव्हा समोर तुरळक श्रोते आणि चिखलात रुतलेला पसारा होता. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर त्याहूनही मोठी गर्दी लोटली. त्यानंतर १९७१ मध्ये ब्रिटिश संसदेने त्या बेटापुरता कायदा करून पाच हजारांपेक्षा जास्त लोकांच्या रात्रीच्या मेळाव्याला परवाना सक्तीचा केला.

तरी त्या काळात तंबू सहसा मागे राहत नसत. कापडी तंबू जड होता, महाग होता, घरात एकच असायचा आणि बहुधा वडिलांचा असायचा. तो हरवून परतण्याची सोय नव्हती.

तंबू मागे का राहतो

पॉलिएस्टरचे हलके तंबू सुपरमार्केटमध्ये अगदी स्वस्त मिळू लागले तेव्हा हे गणित उलटले. महोत्सवाच्या तिकिटाला दोन-तीनशे पौंड मोजणाऱ्याला वीस-पंचवीस पौंडांचा तंबू म्हणजे चार दिवसांच्या खर्चातली एक किरकोळ बाब वाटते. काही दुकानांनी ‘फेस्टिव्हल तंबू’ म्हणून तो विकायला सुरुवात केली. या नावातच एकदा वापरून सोडून देण्याची मुभा दडलेली आहे, असा स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेचा आक्षेप होता आणि तो रास्त आहे. हवेत भिरकावला की क्षणात उभा राहणारा तंबूही याच काळात लोकप्रिय झाला. उभारायला जितका सोपा, तितकाच घडी घालून त्याच्या गोल पिशवीत कोंबायला कठीण.

त्यावर सोमवारच्या सकाळची परिस्थिती. तीन रात्रींचे जागरण, दारूचा उतार, ओला आणि चिखलाने माखलेला तंबू, दोनचार हरवलेल्या मेखा, एक मोडलेली काठी, गाडीतळापर्यंत मैलभर चालणे किंवा बसची रांग. शेजारच्या टोळक्याने तंबू सोडलेला दिसला की आपणही सोडायला मन लवकर तयार होते. रेडिंग आणि लीड्स या ऑगस्टअखेरच्या जोड महोत्सवांत हे विशेष दिसते. शालेय परीक्षांचे निकाल नुकतेच लागलेले असतात, आणि सोळा-सतरा वर्षांची मुले आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर मुक्कामाला आलेली असतात. तिथल्या रिकाम्या मैदानांची, क्षितिजापर्यंत रंगीत तंबू पसरलेली छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात आणि तरुण पिढीला दोष देऊन विषय संपवला जातो. या दोषारोपात अर्धेच सत्य आहे. तंबू टाकून देण्याची तयारी बऱ्याच अंशी तो विकत घेतानाच झालेली असते, आणि त्या व्यवहारात विकणाराही सामील असतो.

आणखी एक कारण वरकरणी चांगुलपणाचे आहे. आपला तंबू कोणीतरी संस्था उचलेल, गरिबाला किंवा निर्वासिताला देईल, असा समज खोलवर रुजला आहे. तो पूर्ण खोटा नाही. २०१५-१६ मध्ये फ्रान्समधील कॅले इथल्या निर्वासितांच्या छावणीसाठी ब्रिटिश स्वयंसेवकांनी महोत्सवांच्या मैदानांवरून खरोखरच तंबू आणि स्लीपिंग बॅगा गोळा करून नेल्या. पण प्रेक्षक निघाल्यापासून साफसफाईची यंत्रे येईपर्यंत त्यांच्या हाती फार थोडा वेळ असतो. तेवढ्यात प्रत्येक तंबू उघडून पाहायचा, काठ्या आणि मेखा पुऱ्या आहेत का तपासायचे, ओला असेल तर वाळवायचा, बुरशीचा आणि उलटीचा असेल तर सोडून द्यायचा. जे तंबू हाती लागतात तेही जुलैच्या सरींपुरते शिवलेले, एकपदरी. कॅलेचा हिवाळा त्यात निभत नाही. मागे राहिलेल्या तंबूंपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत तंबू संस्थांना उचलताच येत नाहीत, हे स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेच्या २०१९ च्या मोहिमेत मुद्दाम सांगितले गेले. ‘दान केले’ या समाधानाने झालेले नुकसान निव्वळ आळसाने झालेल्या नुकसानापेक्षा कमी नाही.

तंबूचे पुढे काय होते

उरलेले तंबू जाळले जातात किंवा पुरले जातात. पुनर्वापरासाठी ते वेगळे करणे परवडत नाही. वरचे कापड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे, त्यावर पॉलियुरेथेनचा जलरोधक थर, तळाला पॉलिइथिलीनची ताडपत्री, काठ्या फायबरग्लासच्या, मेखा पोलादी, शिवाय चेन, जाळी आणि दोऱ्या. एकेक जिन्नस हाताने सुटा करायला जो वेळ लागतो त्याची मजुरी नव्या तंबूच्या किमतीशी स्पर्धा करते.

साडेतीन किलोंच्या एका सरासरी तंबूतले प्लास्टिक ८,७५० स्ट्रॉंइतके भरते, असा हिशेब त्याच मोहिमेत मांडला होता. अडीच लाख तंबूंचे वजन ८७५ टन होते. इंग्लंडने ऑक्टोबर २०२० पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉंची विक्री बंद केली, ते योग्यच झाले. तंबूंच्या बाबतीत मात्र सगळी भिस्त आवाहनांवर राहिली.

ग्लास्टनबरी

सॉमरसेट परगण्यातील पिल्टनजवळचे वर्दी फार्म हे मायकेल इव्हिस यांचे दुभत्या गाईंचे शेत. सप्टेंबर १९७० मध्ये तिथे पहिला महोत्सव झाला तेव्हा सुमारे दीड हजार लोक आले. तिकीट एक पौंड होते आणि त्यात शेतावरचे दूध फुकट. आज तिथे कलाकार आणि कामगार धरून दोन लाखांहून अधिक लोक जमतात आणि काही दिवसांपुरते मध्यम आकाराचे शहरच उभे राहते. महोत्सव संपल्यावर त्याच कुरणांत पुन्हा गाई चरायच्या असतात. स्वच्छतेचा प्रश्न इथे इतर कुठल्याही महोत्सवापेक्षा जास्त निकडीचा होतो तो यामुळे.

गाय गवत निवडून खात नाही, जिभेने ओढून घेते. गवताबरोबर पोटात गेलेली मेख किंवा कापलेल्या डब्याचा तुकडा जठराच्या जाळीदार कप्प्यात अडकतो. तिथून तो पुढे सरकून पडदा भेदतो आणि हृदयाच्या आवरणापर्यंत पोचू शकतो. आपल्याकडचे गुरांचे डॉक्टर तार-खिळे खाल्लेल्या गाईंवर जी शस्त्रक्रिया करतात, तोच हा आजार. म्हणून वर्दी फार्मवर यंत्रांनी मोठा कचरा उचलल्यानंतर ट्रॅक्टरमागे लोहचुंबकाच्या पट्ट्या लावून त्या कुरणांतून फिरवल्या जातात, आणि मग माणसांच्या रांगा नजर जमिनीला लावून पुन्हा चालतात. मातीत विरघळणाऱ्या मेखाही एके काळी प्रेक्षकांना वाटल्या गेल्या.

सफाईचे काम मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांवर चालते. ठरलेल्या पाळ्यांच्या बदल्यात त्यांना प्रवेश आणि जेवण मिळते. जागोजागी ठेवलेली कचऱ्याची हजारो पिंपे म्हणजे तेलाचे जुने डबे, प्रत्येकावर कोणीतरी हाताने चित्र रंगवलेले. गोळा झालेला कचरा शेतावरच उभारलेल्या केंद्रात हाताने निवडला जातो. सगळे आटोपायला कित्येक आठवडे लागतात आणि पाऊस झाला असेल तर आणखी. चिखलात दबलेली वस्तू चुंबकालाही सापडत नाही, ती पुढच्या नांगरणीला वर येते.

२०१७ मध्ये इथे प्लास्टिकच्या १० लाखांहून अधिक बाटल्या वापरल्या गेल्या होत्या. २०१९ पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांची विक्री बंद झाली आणि पाण्याचे नळ वाढवले गेले. त्याच वर्षी ९९.३ टक्के तंबू घरी परत गेले, असे आयोजकांनी जाहीर केले. वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत राहण्याचा, आणि ही जमीन एका शेतकऱ्याची आहे हे प्रत्येकाच्या मनात ठसवण्याचा, यात मोठा वाटा आहे.

डोळ्यांना न दिसणारा कचरा मात्र राहतोच. बँगोर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ च्या महोत्सवाच्या वेळी शेतातून वाहणाऱ्या व्हाइटलेक नदीचे पाणी तपासले. त्यात एमडीएमए आणि कोकेन ही मादक द्रव्ये आढळली. कोकेनचे प्रमाण तिथल्या दुर्मीळ होत चाललेल्या युरोपीय अहीर माशांना धोका पोचवेल इतके होते. शौचालयाऐवजी झुडपाआड लघवीला बसणाऱ्यांमार्फत हे नदीत उतरते. ‘जमिनीवर लघवी करू नका’ अशी मोहीम तिथे सतत चालवावी लागते ती याचसाठी.

जमिनीला विसावा मिळावा म्हणून काही वर्षांनी एकदा महोत्सव भरवत नाहीत. २०१२ आणि २०१८ ही अशी पडीक वर्षे होती.

बर्निंग मॅन

अमेरिकेतील नेव्हाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात सत्तर हजारांच्या घरात लोक जमतात, आणि तिथे एकही सार्वजनिक कचराकुंडी नसते. जे आणाल ते घेऊन जा, हाच नियम. जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाची आहे. परवाना टिकवायचा तर तपासणीत एकरामागे सरासरी एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा सापडता कामा नये. जागेबाहेरच्या प्रत्येक वस्तूला, मग ती टिकली असो वा सिगारेटचे थोटूक, तिथे ‘मूप’ म्हणतात. महोत्सवानंतर पथके रांगेने सगळे मैदान पायी विंचरतात आणि कोणत्या वस्तीने किती घाण ठेवली त्याचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा प्रसिद्ध होतो. लाल रंग मिळालेल्या वस्तीला पुढच्या वर्षी जागा मिळणे अवघड जाते. नावानिशी जबाबदारी लावण्याचा इतका परिणामकारक प्रकार दुसऱ्या कोणत्याही महोत्सवाला जमलेला नाही.

तरीही मैदान स्वच्छ राहते याचा अर्थ कचरा नाहीसा होतो असा नाही. परतीच्या वाटेवर पिरॅमिड लेक पायूट या आदिवासी जमातीच्या भागात लोक पैसे घेऊन कचऱ्याच्या पिशव्या स्वीकारतात. ज्यांना तेही नको असते ते रस्त्याकडेला किंवा रीनो शहरातल्या दुकानांमागे पिशव्या टाकून निघून जातात. २०२३ मध्ये पावसाने वाळवंटाचा चिखल झाला, रस्ते बंद पडले, आणि सामानाबरोबर गाड्याही मागे राहिल्या.

उपाय

जर्मनीत कचऱ्यावर अनामत घेण्याची पद्धत काही महोत्सवांत आहे. आत येताना दहा युरोसारखी रक्कम भरायची, जाताना भरलेली कचऱ्याची पिशवी दाखवून परत घ्यायची. पिशवी भरून येते. तंबूला मात्र ही रक्कम फार थोडी पडते, कारण दहा युरो सोडून मोकळे होणे ओझे वाहण्यापेक्षा सोपे वाटते. डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पेल्यांवर आणि बाटल्यांवर अनामत आहे. ती गोळा करून उपजीविका करणारे अनेक गरीब स्थलांतरित तिथे दरवर्षी येतात, आणि मैदान स्वच्छ राहण्यातला त्यांचा वाटा क्वचितच मोजला जातो. त्याच महोत्सवात आधी नोंदणी करून एकत्र राहणाऱ्या गटांसाठी स्वच्छ मुक्कामाचे वेगळे भाग राखून ठेवलेले असतात. शेजारी ओळखीचे असले की पसारा कमी होतो, हे अशा भागांत दिसून येते. नेदरलँड्समध्ये पुठ्ठ्याचे तंबू निघाले. ते मागे ठेवले तरी कागदाच्या लगद्यात जातात. पण चार दिवसांसाठी घर बांधून मोडायचे, हा मूळ विचार त्यात तसाच राहतो. त्यापेक्षा आयोजकांनीच उभारलेले, भाड्याचे आणि वर्षानुवर्षे चालणारे मजबूत तंबू हा उपाय जास्त पटणारा आहे. त्यांचे भाडे मात्र नव्या स्वस्त तंबूच्या कितीतरी पट असते, आणि कोवळ्या वयाचे प्रेक्षक तिथेच अडतात.

भारत

गोव्यात २००७ साली सुरू झालेला सनबर्न किंवा पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेला एनएच-७ वीकेंडर यांसारख्या महोत्सवांतले बहुतेक प्रेक्षक रात्री घरी किंवा हॉटेलात परततात. त्यामुळे मागे राहतात ते पेले, बाटल्या आणि खाण्याचे डबे. अरुणाचलमधील झिरो महोत्सवात तंबूचा मुक्काम असतो. तिथले रंगमंच आपातानी जमातीचे कारागीर बांबूचे उभारतात. मावळातल्या पवना धरणाच्या काठी तंबूंच्या रांगा दिसतात त्या भाड्याच्या, गावातल्याच व्यावसायिकांच्या. तंबू कोणी टाकून जात नाही, बाटल्या आणि वेष्टने मात्र पाण्यापर्यंत जातात. आषाढी वारीत लाखो माणसे अडीच-तीन आठवडे रोज नव्या गावी मुक्काम करतात. राहुट्या दिंडीच्या सामाईक मालकीच्या असतात, पहाटे उतरवून ट्रकमध्ये भरल्या जातात आणि पुढच्या तळावर पुन्हा लागतात. तिथे गावकऱ्यांच्या वाट्याला येतात ते पत्रावळी, द्रोण आणि पाण्याच्या बाटल्या. मैला उघड्यावर पडू नये म्हणून २०१५ पासून ‘निर्मल वारी’ उपक्रमात तळांवर फिरती शौचालये उभी केली जातात.