डोंगराच्या पाण्यावर चढणारी पिवळी गाडी

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला पिरेनीज पर्वतात व्हिलफ्रांश-द-कॉन्फ्लां नावाचं छोटं तटबंदीचं गाव आहे. तिथून सुटणाऱ्या पिवळ्या गाडीत खिडकीच्या पट्टीवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवा आणि थोडं थांबा. काही वेळाने बाटलीतलं पाणी एका बाजूला कललेलं दिसेल. पाणी अर्थातच सपाट आहे, कललाय तो डबा. सगळ्यात कडक चढावर ही गाडी हजार मीटर पुढे जाताना ६० मीटर वर चढते. १५ मीटर लांबीचा डबा अशा चढावर उभा राहिला, तर त्याचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा ९० सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे जेवणाच्या टेबलापेक्षाही जरा जास्तच.

आपल्या बोरघाटात रेल्वेचा सर्वांत कडक चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडावी लागतात. माथेरानच्या छोट्या गाडीचा चढ २० ला १. पिरेनीजमधली ही गाडी १७ ला १ च्या आसपास चढते आणि काही डोंगरी गाड्या ज्या दात असलेल्या पट्टीला धरून चढतात, तशी पट्टी तिच्या रुळांमध्ये नाही. गुळगुळीत पोलादी चाक, गुळगुळीत पोलादी रूळ, एवढ्यावरच सगळं भागवायचं. हे कसं जमतं, याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते त्याच डोंगरात सापडतं.

आधी मार्गाची ओळख करून घेऊ. लांबी ६३ किलोमीटर, रुळांमधलं अंतर १ मीटर, वाटेत १९ बोगदे. व्हिलफ्रांश समुद्रसपाटीपासून ४२७ मीटरवर, तर वाटेतलं बोलकेर-एन हे स्थानक १५९३ मीटरवर. कळसूबाईच्या शिखरापेक्षा जेमतेम ५० मीटर खाली! फ्रान्सच्या सरकारी रेल्वेवर याहून उंच स्थानक नाही. पुढे गाडी सेर्दान्य नावाच्या उंच, रुंद, उन्हाने भरलेल्या पठारावर उतरते आणि लातूर-द-कारोलला थांबते. (नावाने आपल्या लातूरची आठवण येणारच. फ्रेंचमध्ये ‘ला तूर’ म्हणजे बुरूज.) बांधकाम १९०३ मध्ये सुरू झालं, १९१० मध्ये मों-लुईपर्यंत गाडी धावली, १९११ मध्ये बूर-मादामपर्यंत आणि १९२७ मध्ये लातूर-द-कारोलपर्यंत. डब्यांचे पिवळा आणि लाल हे रंग तिथल्या कातालान लोकांच्या झेंड्याचे. लोक तिला नुसतं ‘पिवळी गाडी’ म्हणतात, कुणी लाडाने ‘कॅनरी’ही म्हणतं.

मोठी, नेहमीच्या मापाची रेल्वे पर्पिन्यांहून व्हिलफ्रांशपर्यंत १८९५ मध्येच पोचली होती. तिथून पुढे तेत नदीची दरी इतकी चिंचोळी होते की मोठ्या मापाचे रूळ वळवायला जागाच उरत नाही. वळणाचं गणित मजेशीर आहे. रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे ती एकाच वेगाने फिरतात. पण वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असतो. काटकोनात वळताना हा फरक मीटर मापाच्या रुळांवर साधारण १ मीटर ५७ सेंटिमीटर होतो, मोठ्या मापाच्या रुळांवर सव्वादोन मीटर. वळण जितकं आखूड, तितक्या कमी अंतरात हा हिशेब चुकता करावा लागतो. चाकाला घासत जावं लागतं, आणि तीक्ष्ण वळणावर कानठळ्या बसवणारी किंचाळी ऐकू येते ती याचीच. माप लहान घेतलं की वळण आखूड घेता येतं, बोगदा अरुंद चालतो, डोंगर कमी फोडावा लागतो. या मार्गावर ८० मीटर त्रिज्येइतकी आखूड वळणं आहेत.

आता चढाकडे वळू. कोरड्या रुळावर पोलादी चाकाची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाएवढी असते. पाऊस, दव, कुजलेली पानं रुळावर आली की ती दहाव्या हिश्शापर्यंत आणि त्याखालीही घसरते. हजाराला ६० चा चढ म्हणजे गाडीचं एकूण वजन गुणिले ०.०६ एवढा जोर तिला सतत मागे ओढतो. एक इंजिन आपल्या वजनाच्या तिप्पट डबे ओढत असेल, तर सगळा भार त्याच्याच चाकांच्या पकडीवर येतो आणि लागणारी पकड ०.२४ पर्यंत जाते. म्हणजे कोरड्या दिवशी कसंबसं, ओल्या दिवशी अशक्य. त्यात वाफेच्या इंजिनाला स्वतःचा कोळसा आणि पाणीही डोंगर चढवून न्यावं लागतं.

यावरचा उपाय म्हणजे वेगळं इंजिनच ठेवायचं नाही. प्रवासी बसतात त्या डब्यांखालीच मोटरी बसवायच्या, आणि मोटर असलेल्या डब्याचं प्रत्येक चाक चालतं करायचं. असे दोन-तीन मोटर डबे गाडीत पेरायचे आणि सगळ्यांचा ताबा पुढच्या एकाच चालकाकडे द्यायचा. गाडीचं निम्मं वजन चालत्या चाकांवर आलं की लागणारी पकड ०.१२ वर उतरते. थोडी वाळू रुळावर सोडली की ओल्या सकाळीही गाडी निघते. प्रवाशांचं वजन इथे ओझं न राहता पकडीच्या कामी येतं. मुंबईची लोकल याच तत्त्वावर चालते, म्हणून तर ती स्थानकातून सुटताना इतक्या झटकन वेग घेते. पण मुंबईत विजेवरची पहिली गाडी १९२५ मध्ये धावली. पिरेनीजच्या खेड्यांमधून त्याआधी १५ वर्षं ती धावत होती.

खेड्यापाड्यांच्या डोंगरात वीज आणायची कुठून? खरी गोष्ट इथे सुरू होते.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला कोळसा कमी, पण पिरेनीजमध्ये बर्फ भरपूर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आरिस्तिद बेर्जेस या फ्रेंच अभियंत्याने डोंगरातून पडणाऱ्या पाण्याला ‘पांढरा कोळसा’ हे नाव रूढ केलं होतं. हा रेल्वेमार्ग अक्षरशः त्या कोळशावर उभारला गेला. रूळ टाकायचं काम सुरू झालं त्याच सुमारास, तेत नदीच्या उगमाजवळ, जवळजवळ २००० मीटर उंचीवर, बुइयूजचं धरण बांधायला घेतलं गेलं. ते १९१० मध्ये, म्हणजे गाडीबरोबरच, तयार झालं. खाली ला कासान्य इथे वीजघर. धरण हवंच होतं, कारण हिवाळ्यात डोंगरातले झरे गोठतात आणि नेमकी तेव्हाच रस्ते बर्फाने अडलेल्या गावांना गाडीची सगळ्यात जास्त गरज असते. वसंतात वितळलेलं बर्फ साठवून ठेवायचं आणि पुढच्या थंडीत वापरायचं.

किती पाणी लागतं? आपणच हिशेब मांडू. समजा गाडी प्रवाशांसकट १०० टनांची आहे. ती व्हिलफ्रांशहून बोलकेर-एनपर्यंत ११६६ मीटर वर उचलायला किमान ३२० युनिट वीज लागेल, वीजबिलावर छापलेले असतात तेच युनिट. दुसरीकडे, १००० लिटर पाणी ४०० मीटर खाली पडलं तर त्यातून जास्तीत जास्त १.१ युनिट मिळू शकतात. वाटेतली गळती, टर्बाइन, जनित्र, तारा, मोटरी यांत मिळून ४० टक्के वाया जातात असं धरलं, तर एका गाडीच्या एका चढाईला सुमारे ५ लाख लिटर पाणी डोंगरावरून खाली यावं लागतं. दहा हजार लिटरचे ५० टँकर! गाडी एका बाजूने वर जाते आणि तिच्या बदल्यात दुसऱ्या बाजूने ५० टँकर पाणी नळातून खाली कोसळतं. मला यात तागडीची दोन पारडी दिसतात. जो उतार गाडीला छळतो, तोच पाण्याला जोर देतो. डोंगर सपाट असता तर विजेची गरज पडली नसती आणि वीज मिळालीही नसती. आपल्याकडे लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खोपोलीत उतरवून टाटांनी १९१५ मध्ये वीजघर सुरू केलं, ते याच विचाराचं सह्याद्रीतलं भावंड.

ही वीज गाडीपर्यंत पोचते ती डोक्यावरच्या तारेतून नव्हे, तर रुळांच्या शेजारून जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून. कोलकात्याच्या मेट्रोत बसला असाल तर ही पद्धत तुम्ही पाहिली असेल. दाब आहे ८५० व्होल्ट, एकदिश (डीसी). १०० टनांची गाडी कडक चढावर ताशी ३० किलोमीटर वेगाने न्यायची तर जवळजवळ ५०० किलोवॉट लागतात, म्हणजे सुमारे ६०० अँपिअर प्रवाह. घरातला मुख्य स्विच जेमतेम ३०-४० अँपिअरचा असतो. इतका प्रवाह बारीक तारेला झेपत नाही, जाडजूड पोलादी रुळाला सहज झेपतो. वर तार नसली की बोगद्याचं छतही खाली ठेवता येतं. पण तिसरा रूळ जमिनीलगत असतो, त्यामुळे बर्फ हटवण्यासाठी नांगरासारखं पातं लावलेली गाडी हिवाळ्यात फिरवावी लागते. माणसांनी आणि जनावरांनी रुळांपासून लांब राहायचं, हा नियम तिथे जिवाशी गाठ असलेला आहे.

वाटेत दोन पूल असे आहेत की नुसते ते पाहायला माणसाने एवढ्या लांब जावं.

पहिला फाँपेद्रूज गावाजवळचा, पोल सेजूर्नेचा. लक्झेंबर्ग शहरातला प्रसिद्ध आदोल्फ पूलही याच अभियंत्याचा. दगडी कमानींचा तो जाणकार होता. तेत नदीवरून ६५ मीटर उंचीवर रूळ न्यायचे होते. सेजूर्नेने दुमजली पूल रचला. वर गोल कमानींची रांग, आणि खाली नदीवर एकच मोठी, टोकदार कमान. वरच्या रांगेतला एक खांब थेट त्या टोकदार कमानीच्या माथ्यावर उभा आहे. पहिल्यांदा पाहिलं की छातीत धस्स होतं. कमानीच्या बरोबर मधोमध एवढं ओझं?

घरी एक दोरी घ्या, दोन्ही टोकं धरून सैल सोडा. ती गोलसर झोळीसारखी लोंबते. आता बरोबर मध्ये एक कुलूप अडकवा. दोरी लगेच टोकदार होते, इंग्रजी ‘व्ही’सारखी. हा आकार उलटा केला की मध्ये ओझं पेलणाऱ्या कमानीचा योग्य आकार मिळतो. दोरी फक्त ताण सोसते, दगड फक्त दाब सोसतो. एकाचं उलटं दुसरं. गोल कमानीच्या माथ्यावर असा खांब ठेवला असता, तर कमान तिथे दबून बाजूंनी फुगू पाहिली असती. टोकदार कमानीत खांबाचं वजन दोन्ही सरळसर बाजूंमधून जमिनीत उतरतं. खांब तिथे उभा आहे म्हणूनच ती कमान टोकदार आहे.

दुसरा पूल आल्बेर जिस्क्लार या लष्करी अभियंत्याचा. दरीवर सुमारे ८० मीटर उंच, मधला गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, १५६ मीटरचा, आणि तो झुलता पूल आहे. रेल्वेसाठी झुलता पूल म्हणजे दुखणंच. कपडे वाळत घालायच्या दोरीवर एका बाजूला ओली चादर टाकून पाहा. दोरी तिथे खाली येते आणि दुसऱ्या बाजूचे रुमाल वर उचलले जातात. आता ती चादर दोरीवरून सरकत गेली तर? पुलाचं तेच होतं. गाडीच्या पुढे रूळ फुगतो आणि गाडी सतत खड्ड्यातून वर चढत राहते. जिस्क्लारने तिरप्या तारांची त्रिकोणी जाळी रचली. चार काड्यांची चौकट हाताने दाबून वेडीवाकडी करता येते, तीन काड्यांचा त्रिकोण करता येत नाही. पुलाच्या स्वतःच्या वजनाने या तारा कायम ताणलेल्या राहतात, त्यामुळे गाडी कुठेही असो, त्रिकोण त्रिकोणच राहतो. फ्रान्समध्ये आजही ज्यावरून रेल्वे जाते असा हा एकमेव झुलता पूल आहे.

पूल चाचणीत पास झाला. जिस्क्लार मात्र परत आला नाही. ३१ ऑक्टोबर १९०९ रोजी भार-चाचणीच्या दिवशी चाचणीची गाडी उतारावर सुटली. सहा जण दगावले, त्यांत स्वतः जिस्क्लार होता. हजाराला ६० चा उतार किती निर्दय असतो हे आकड्यात पाहा: सरळ रुळावर ब्रेक पूर्ण सुटलेली गाडी अशा उतारावर एका मिनिटात ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाते. आणि इथे रूळ सरळ नाहीत. चढताना लागलेले ३२० युनिट उतरताना कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडावेच लागतात. ते ब्रेकमध्ये पडले नाहीत, तर वेगात साठतात. या मार्गावर गाड्या आजही सावकाश चालतात, ६३ किलोमीटरला सुमारे तीन तास. त्या संथपणाला मी तरी कमीपणा मानत नाही.

बोलकेर-एन ओलांडलं की पाणलोट बदलतो. मागची तेत नदी थेट भूमध्य समुद्राला जाते. पुढचं पाणी सेग्र नदीत आणि तिथून स्पेनच्या एब्रो नदीत जातं. झाडी विरळ होते, आकाश मोठं होतं. इथलं ऊन इतकं स्वच्छ आहे की फाँ-रोमूजवळ ओदेयो इथे ६३ मोठ्या आरशांनी सूर्य एका ठिकाणी एकवटणारी भट्टी उभारली आहे. तिच्यात ३००० अंश सेल्सिअसच्या वर तापमान मिळतं. धरणाने बर्फ साठवलं, आरशांनी ऊन एकवटलं.

बहुतेक छोट्या स्थानकांवर गाडी आपणहून थांबत नाही. उतरायचं असेल तर आधी सांगायचं, चढायचं असेल तर फलाटावरून हात करायचा. गाव चार घरांचं असलं तरी हात केला की ती थांबते. शेवटी येतं लातूर-द-कारोल. तिथे तीन मापांचे रूळ एका स्थानकात येतात: पिवळ्या गाडीचे १००० मिलिमीटर, पॅरिसकडून येणारे १४३५ आणि बार्सिलोनाकडून येणारे १६६८. एकाची चाकं दुसऱ्यावर चालत नाहीत. पॅरिसहून रात्रभर प्रवास करून आलेले लोक सकाळी थंडीत फलाट बदलतात, पाठीवरच्या पिशव्या सावरतात आणि पिवळ्या डब्यातली खिडकीजवळची जागा धरतात.