एक्स-रे तर सरळ आला, पण पोरगी खूश आहे का?

स्कोलिओसिसच्या, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकण्याच्या त्रासाच्या, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे शेजारी शेजारी ठेवलेला फोटो कधी बघितलाय? एका बाजूला एस अक्षरासारखा वळलेला कणा, दुसऱ्या बाजूला बऱ्यापैकी सरळ, त्याच्या दोन्ही अंगाला रॉड आणि स्क्रूंची रांग. बघणारा म्हणतो वा, काम झालं! पण ज्या पोरीची ती पाठ आहे तिला काय वाटतं, हे त्या फोटोत कुठेच दिसत नाही.

(पोरगी म्हणतोय कारण बाक मोठा होऊन ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते ती बहुतेक मुलींच्या बाबतीतच, लहानसहान बाक मात्र मुलांमध्येही जवळजवळ तेवढाच सापडतो.)

बाक मोजायची पद्धत जॉन कोब या डॉक्टरांची, १९४८ सालची. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला जे मणके सगळ्यात जास्त कललेले असतात त्यांच्यातला कोन मोजायचा, बस. १० अंश किंवा जास्त असेल तर स्कोलिओसिस, अजून वाढ बाकी असेल तर साधारण २५ ते ४५ च्या मध्ये ब्रेस (कणा धरून ठेवायला अंगावर घालायचा कडक पट्टा), आणि ४५-५० च्या पुढे गेलं की ऑपरेशनचा विषय निघतो. आता गंमत अशी की तोच एक्स-रे दोघांनी मोजला तर ५ अंशांचा फरक सहज पडतो, शिवाय कणा नुसता बाजूला वाकत नाही, तो पिळलाही जातो, त्या पिळामुळे एका बाजूच्या फासळ्या मागे येतात आणि पाठीवर उंचवटा दिसतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत हे नीट कळत नाही, आरशात आणि टी-शर्टमधून बरोब्बर कळतं.

म्हणून मग पेशंटलाच विचारायचं ठरलं. एसआरएस-२२ नावाची प्रश्नावली जगभर वापरतात, २२ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ मार्क. दुखणं, हालचाल, स्वतःच्या दिसण्याबद्दल काय वाटतं, मनाची अवस्था, या चारांचे पाच-पाच प्रश्न आणि समाधानाचे फक्त दोन. त्यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात भारी वाटतो, हाच त्रास पुन्हा झाला तर हीच ट्रीटमेंट पुन्हा घ्याल का?

बहुतेक जण हो म्हणतात, आणि सगळ्यात जास्त सुधारणा होते ती स्वतःच्या दिसण्याबद्दलच्या मार्कांत. दुखण्याचे मार्क तेवढे उडी मारत नाहीत, कारण बऱ्याच मुलांना आधी फार दुखत नसतंच. आणि अंश किती कमी झाले याचा समाधानाशी संबंध म्हणाल तर अगदीच ढिला. एखादीचा कोन छान कमी होतो पण एक खांदा वर राहतो आणि ती नाराज, दुसरीचा बाक बराचसा शिल्लक असतो पण उंचवटा गेला, कंबर दोन्हीकडून सारखी दिसायला लागली, उंची दोनेक सेंटीमीटर वाढली, ती एकदम खूश! ऑपरेशनआधीच जी खूप काळजीत किंवा उदास असते किंवा पाठ कधीच दुखणार नाही अशी आशा धरून येते तिचं समाधान होणं अवघड जातं, कितीही मस्त सर्जन असला तरी.

थोडा संशयही ठेवायला हवा बरं का. समाधानाच्या दोन प्रश्नांना इतके जण पैकीच्या पैकी देतात की कोण थोडं खूश आणि कोण खूप, हे वेगळं काढताच येत नाही. आणि एवढं मोठं ऑपरेशन सोसल्यावर "उगाच केलं" असं म्हणायला जीभ सहज वळत नाही, हा आपला माझा अंदाज.

बदल्यात काय जातं तेही ऐका. पाठीवर लांब व्रण, त्याच्या आजूबाजूला बधिरपणा, आणि जेवढे मणके फ्युजनने, म्हणजे एकमेकांना कायमचे सांधून, जोडले तेवढ्यांची हालचाल कायमची बंद. छातीमागचे मणके फासळ्यांमुळे तसेही कमीच वाकतात, त्यामुळे तिथलं फारसं जाणवत नाही, पण फ्युजन कमरेत जितकं खाली उतरतं तितकं बुटाची लेस बांधताना कळतं, वाकायचं ते खुब्यातून. त्यामुळे सर्जनला "किती सरळ होईल" एवढंच विचारून उठू नका, स्क्रू कुठल्या मणक्यापर्यंत खाली जाणार तेही विचारा, आणि विचारताना पोरगी खोलीत असू दे, पाठ तिची आहे.