राउटरच्या ४ एमबीचा हिशेब

कंपनीच्या सिस्टमऐवजी ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारलेली खुली सिस्टम टाकलेल्या जुन्या राउटरवर एखादं पॅकेज, म्हणजे जादा प्रोग्रॅम, चढवायला जावं, तर ओपीकेजी हा पॅकेज मॅनेजर तोंडावर आकडे फेकतो: ओव्हरलेवर, म्हणजे लिहिता येणाऱ्या भागात, एवढे केबी शिल्लक, पॅकेजला हवेत तेवढे. मग माणूस जागा मोजणारी डीएफ कमांड चालवतो, ‘रोम’ या फक्त वाचता येणाऱ्या भागापुढे १०० टक्के वापर दिसतो आणि पोटात गोळा येतो. ती १०० टक्क्यांची ओळ कोऱ्या करकरीत राउटरवरही पहिल्या दिवसापासून तशीच असते, तिची चिंता करू नये. खरी अडचण ओव्हरलेच्या ओळीत असते. एका चिपचे असे दोन भाग का पडले आणि मुळात चिपच एवढी तोकडी का, हे समजून घ्यायला वीसेक वर्षं मागे जावं लागतं.

डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा, दोन अँटेनांचा राउटर बाजारात आणला. आत ब्रॉडकॉमचा प्रोसेसर, १६ एमबी रॅम आणि ४ एमबी फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी साठवलेलं टिकवणारी चिप. २००३ मध्ये सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली आणि त्याच वर्षी जूनमध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं की या डब्यात आपलाच कोड चालतोय, पण जीपीएल परवान्याच्या अटीप्रमाणे त्याचा सोर्स मात्र दिलेला नाही. बरीच बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने सोर्स खुला केला. हौशी मंडळी तोवर आत शिरलीच होती. राउटरच्या वेब पानावर पिंग करून बघायची एक चौकट होती. तिच्यात पत्त्याऐवजी कमांड लिहिली तर राउटर ती मुकाट्याने चालवायचा.

जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनडब्ल्यूआरटीचा पाया म्हणजे हा खुला झालेला सोर्स. त्याच सुमाराला इतरही फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या चिपवर बसणाऱ्या सिस्टम, निघाली, पण त्यातल्या बहुतेकांची वाट एकच होती: कंपनीची इमेज, म्हणजे चिपवर चढवायची तयार फाइल, घ्यायची, तिच्यात दोन-चार सोयी वाढवायच्या आणि पुन्हा बांधायची. वापरणाऱ्याला काही वेगळं हवं असेल तर त्याने पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची. ओपनडब्ल्यूआरटीने ठरवलं की राउटरवर लिहिता येणारी फाइल सिस्टम आणि पॅकेज मॅनेजर असला पाहिजे, म्हणजे ज्याला जे हवं ते तो टाकेल, नको ते टाकणार नाही. कंपनीची स्वतःची सिस्टम जिथे जेमतेम मावत होती, तिथे हे करायचं होतं. माझ्या मते या प्रकल्पाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या एका हट्टाची किंमत चुकवण्याचा इतिहास आहे.

जागा वाचवायची हत्यारं सुदैवाने तयार होती. डेबियनच्या बूट फ्लॉपीवर सगळ्या मूलभूत कमांड मावाव्यात म्हणून ब्रूस पेरेन्स यांनी १९९६ च्या सुमारास बिझीबॉक्स लिहिलं होतं. एलएस, सीपी, ग्रेप हे वेगवेगळे प्रोग्रॅम न ठेवता सगळ्यांची मिळून एकच फाइल. सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या मोठ्या सी लायब्ररीच्या जागी यूसीलिबसी ही छोटी लायब्ररी होती. पुढे २०१५ मध्ये तिची जागा मसलने घेतली. आणि फिलिप लॉगर यांची स्क्वॉशएफएस होती: फक्त वाचता येणारी, पण गच्च दाबून भरलेली फाइल सिस्टम. मूळ स्क्वॉशएफएस दाबण्यासाठी झेडलिब वापरायची. ओपनडब्ल्यूआरटीने तिला स्वतःचा पॅच लावून एलझेडएमए बसवलं, कारण त्याने इमेज आणखी आकसते. मुख्य कर्नलमधल्या स्क्वॉशएफएसमध्ये त्याच घराण्यातलं एक्सझेड आलं ते २०११ मध्ये. ४ एमबीवाल्यांना एवढं थांबणं परवडणारं नव्हतं.

पण स्क्वॉशएफएसवर लिहिता येत नाही. त्यासाठी उरलेल्या जागेत जेएफएफएस२ ही दुसरी फाइल सिस्टम आली, जी खास कच्च्या फ्लॅशसाठी बनवलेली होती. या राउटरांतल्या नॉर प्रकारच्या फ्लॅशवर एक अक्षर बदलायचं तरी अख्खा ब्लॉक, बहुधा ६४ केबीचा, खोडावा लागतो आणि प्रत्येक ब्लॉक साधारण १ लाख वेळा खोडण्याइतकाच टिकतो. जेएफएफएस२ हे खोडणं सगळ्या ब्लॉकांवर वाटून टाकते आणि लिहिताना डेटा दाबतेही. म्हणूनच डीएफने दाखवलेली मोकळी जागा हा अंदाजच असतो. ३०० केबीची मजकुराची फाइल २०० केबीत बसून जाते, आधीच दाबलेली फाइल मात्र एक बाइटही कमी जागा घेत नाही.

या दोन फाइल सिस्टमचा जोड सुरुवातीला फार ओबडधोबड होता. व्हाइट रशियन या पहिल्या स्थिर मालिकेत लिहिण्याच्या भागात रोममधल्या प्रत्येक फाइलकडे बोट दाखवणारा एक-एक दुवा असायचा. एखादी कॉन्फिग फाइल बदलायची तर आधी तो दुवा उडवा, मग रोममधून प्रत आणा, मग संपादन करा. हे विसरून थेट एडिटर उघडला की सेव्ह करताना नकार. बरीचशी सेटिंग तर फाइलमध्ये नव्हतीच. ती एनव्हीरॅम नावाच्या ३२ केबीच्या कप्प्यात राहायची. २००७ मधल्या कामिकाझेने सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलींत आणली आणि दोन्ही भाग एकावर एक ठेवून एकच झाड दाखवणारी मिनी-एफओ ही सोय वापरली. पुढे तिच्या जागी ओव्हरलेएफएस आली, जी लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली २०१४ च्या अखेरीस, ३.१८ मध्ये.

ओव्हरले म्हणजे छापील पानावर ठेवलेला ट्रेसिंग पेपर. तुम्ही लिहाल ते वरच्या कागदावर उमटतं, खालची छपाई तशीच राहते. सगळं बिघडलं तर वरचा कागद फेकून द्यायचा, राउटर पुन्हा पहिल्या दिवसासारखा. फेलसेफ या बिघाडातल्या सुरक्षित मोडमध्ये शिरून फर्स्टबूट ही कमांड चालवतात तेव्हा नेमकं हेच होतं, आणि त्यापायी किती राउटर भंगारात जायचे वाचले असतील याला गणती नाही.

याच रचनेतून तो गोंधळ निघाला ज्याला प्रत्येक नवा माणूस एकदा तरी फसतो. जागा कमी पडते म्हणून तो आधीपासून असलेलं एखादं पॅकेज काढून टाकतो. ते पॅकेज स्क्वॉशएफएसमध्ये आहे, तिथून हलणार नाही. उलट ‘ही फाइल आता नाही असं समजा’ अशी खूण ओव्हरलेवर लिहावी लागते आणि होती ती जागाही थोडी घटते. अपडेटचं त्याहून वाईट: जुनी प्रत रोममध्ये तशीच, नवी ओव्हरलेवर, म्हणजे एकाच गोष्टीला दुप्पट जागा. सगळी पॅकेज एका दमात अपग्रेड करायचा सल्ला संगणकावर शहाणपणाचा असेल. ४ एमबीच्या राउटरवर तो ओव्हरले भरून टाकतो, आणि भरलेल्या ओव्हरलेवर सेटिंग सेव्ह करायला गेलं की कॉन्फिग फाइल रिकामी होऊन बसण्याचीही धास्ती.

आता जागा तोकडीच का, ते. २००२ मध्ये ४ एमबी ही कंजुषी नव्हती. डब्ल्यूआरटी५४जीएस या थोरल्या भावाला तर ८ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम होती. सरळ रेषेत पाहिलं तर पुढे जागा वाढत जायला हवी होती. झालं उलटं. २००५ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती आली: लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही छोटी सिस्टम, फ्लॅश २ एमबी, रॅम ८ एमबी. छोट्या सिस्टमला छोटी चिप पुरते आणि लाखोंनी राउटर विकणाऱ्या कंपनीला डब्यामागे वाचलेला प्रत्येक सेंट मोलाचा. हौशी लोकांसाठी लिंक्सिसने जुन्या मापाचा, ४ एमबी आणि १६ एमबीचा डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा काढला. डीडी-डब्ल्यूआरटी या दुसऱ्या फर्मवेअरने २ एमबीवाल्यांसाठीही ‘मायक्रो’ इमेज बसवून दाखवली. ती कारागिरी थक्क करणारी आहे, पण कंपन्यांना तिच्यातून काही फरक पडला नाही.

नंतरचं दशक टीपी-लिंकचं. टीएल-डब्ल्यूआर७४०एन आणि टीएल-डब्ल्यूआर८४१एन आपल्याकडे केबलवाल्यांनी घरोघरी लावले; पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत ते आजही टीव्हीमागे धूळ खात दिवे लुकलुकवत असतील. त्यांच्या बहुतेक आवृत्त्यांचं माप ४/३२, म्हणजे ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅम. अथेरॉस चिपवाल्या ८४१एनच्या चिपचा हिशेब मांडून बघू. एकूण ४०९६ केबी. सुरुवातीचे १२८ केबी राउटर सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचे. शेवटचे ६४ केबी एआरटीचे, ज्यात त्या विशिष्ट राउटरच्या वाय-फायचं कॅलिब्रेशन असतं. ते पुसलं गेलं तर दुसऱ्या राउटरवरून आणून भागत नाही. उरले ३९०४ केबी. त्यात कर्नल, मग स्क्वॉशएफएस, आणि मागे राहील ते ओव्हरलेला. जेएफएफएस२ ला आतली साफसफाई करता यावी म्हणून किमान ५ ब्लॉक लागतात, म्हणजे ३२० केबी. एवढेही उरले नाहीत तर ओव्हरले रॅममध्ये तयार होतो. राउटर सुरू होतो, सेटिंग घेतो, झकास चालतो, आणि वीज गेली की सगळं विसरतो. महावितरणच्या कृपेने आपल्याकडे ही चाचणी लवकर होते.

पळवाटा अर्थातच निघाल्या. सगळ्यात नेटकी इमेज बिल्डरची: पॅकेज नंतर चढवण्याऐवजी इमेज बनवतानाच यादीत टाकायची, नको ती वगळायची. मग सगळं स्क्वॉशएफएसमध्ये दाबून बसतं. ल्युसी हे वेब पान, पीपीपीओई किंवा आयपीव्ही६ यातलं जे लागत नसेल ते काढलं की कित्येक शे केबी हाती लागतात. दुसरी वाट एक्सट्रूटची, म्हणजे ओव्हरलेच पेन ड्राइव्हवर न्यायचा. टीएल-एमआर३०२० सारख्या यूएसबी असलेल्या चिमुकल्या राउटरवर फाइली वाटणाऱ्या पायरेटबॉक्ससारखे प्रकल्प असेच पेन ड्राइव्हच्या जिवावर उभे राहिले. मेख एवढीच की यूएसबी आणि ईएक्सटी४ ची मॉड्यूल आधी त्याच ४ एमबीत बसवावी लागतात, आणि ८४१एनला तर यूएसबीच नाही.

तिसरी वाट सोल्डरिंगची. फ्लॅश म्हणजे आठ पायांची छोटीशी चिप, तिच्यावर २५क्यू३२ असं काहीसं छापलेलं. त्यातले ३२ हे मेगाबिट, म्हणजे ४ एमबी. तिच्या जागी १२८ मेगाबिटची, १६ एमबीची चिप लावायची. लॅमिंग्टन रोडवर हॉट एअर घेऊन बसणाऱ्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला हे पाच मिनिटांचं काम. त्याआधी जुन्या चिपची पूर्ण प्रत मात्र प्रोग्रॅमरने काढून ठेवायची, नाहीतर एआरटी गेलं. १६ एमबीच्या पुढे सहसा कुणी जात नसे, कारण या चिपना पत्ता २४ बिटांत सांगितला जातो आणि २४ बिटांत १६ एमबीच मोजता येतात.

दरम्यान दुसऱ्या टोकाने सॉफ्टवेअर फुगत होतं. डब्ल्यूआरटी५४जीचं कर्नल २.४ चं, ओपनडब्ल्यूआरटी १९.०७ मध्ये ४.१४ आलं आणि २१.०२ मध्ये ५.४. त्याला निव्वळ सूज म्हणणं मला पटत नाही. २१.०२ मध्ये वाय-फायची डब्ल्यूपीए३ सुरक्षा आणि एचटीटीपीएस मूळ इमेजमध्येच आले, आणि त्यांना क्रिप्टोग्राफीची लायब्ररी लागते. सुरक्षा फुकट मिळत नाही, ती केबीत मोजून द्यावी लागते. ओपनडब्ल्यूआरटीतून २०१६ मध्ये फुटून निघालेला लीड हा प्रकल्प २०१८ मध्ये परत मिळाला, आणि त्यानंतरच्या १८.०६ मध्ये छोट्या राउटरसाठी ‘टायनी’ हा वेगळा विभाग करून थोडा वेळ मिळवला गेला. पण जानेवारी २०२० मधली १९.०७ ही ४/३२ साठी तयार इमेज देणारी शेवटची मालिका ठरली. सप्टेंबर २०२१ च्या २१.०२ पासून किमान माप ८ एमबी फ्लॅश, ६४ एमबी रॅम झालं.

यावर बरीच नाराजी निघाली आणि बहुतेक वेळा रोख प्रकल्पाकडे असतो, ‘यांनी आमचे राउटर बंद पाडले’ म्हणून. मला हा राग चुकीच्या दारात गेलेला वाटतो. ८४१एनच्या तेराव्या आवृत्तीत टीपी-लिंकने स्वतः ८/६४ दिलं होतं. चौदाव्यात ती पुन्हा ४/३२ वर आली. मॉडेलचं नाव तेच, खोकं जवळजवळ तेच, फरक फक्त खालच्या स्टिकरवर ‘व्हर्जन’पुढे. स्वयंसेवकांनी १५-१६ वर्षं एका चिपच्या काटकसरीचा भार वाहिला, एवढंच त्यातून दिसतं.

नॉर चिप मागे पडून नँड ही दुसऱ्या प्रकारची फ्लॅश आली तशी बऱ्याच राउटरांवर १२८ एमबी फ्लॅश दिसू लागली आणि जेएफएफएस२ च्या जागी यूबीआय-यूबीआयएफएस ही फाइल सिस्टम. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रकल्पाने बनाना पायकडून बनवून घेतलेला स्वतःचा ओपनडब्ल्यूआरटी वन आला, त्यावर २५६ एमबी नँड आणि १ जीबी रॅम आहे. फर्मवेअर बिघडलं तर सावरायला म्हणून १६ एमबीची नॉर चिप वेगळी ठेवलेली आहे.

घरात ४/३२ चा डबा असेल तर सोर्समधून स्वतः कातरलेली नवी इमेज आजही बांधता येते, पण ३२ एमबी रॅम मध्येच दगा देते आणि त्याला इमेज बिल्डरकडेही उपाय नाही. १९.०७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०२२ मध्ये थांबलं. असा राउटर थेट इंटरनेटला जोडू नये. आतल्या खोलीत दुसऱ्या राउटरमागे साधा स्विच म्हणून लावायला हरकत नाही, आणि त्या कामाला ओव्हरलेवरचे उरलेसुरले केबी पुरतात.