नव्या टाकीत आधी जिवाणू, मग मासे

नव्या फिश टँकमधले मासे सहसा पहिल्या दिवशी मरत नाहीत. सुरुवातीला सगळं छान चालतं. पाणी नितळ असतं, मासे चपळ असतात, दाणे टाकले की वर झेपावतात. मग चौथ्या-पाचव्या दिवशी एखादा मासा पर मिटून कोपऱ्यात बसतो, दुसरा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करत राहतो, आणि पुढच्या काही दिवसांत एकेक करून ते दगावतात. घरातलं लहान मूल विचारतं, काय झालं त्याला? उत्तर मिळतं, "मासे नाजूकच असतात." हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. बहुतेक वेळा त्या माशाला त्याच्याच कल्ल्यांतून बाहेर पडलेल्या विषाने मारलेलं असतं. ते विष संपवणारं कुणी त्या टाकीत अजून राहायलाच आलेलं नसतं.

प्रथिनं पचवताना आपल्या शरीरातही अमोनिया तयार होतो. आपलं यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे बाहेर जातो. या कामात बरीच ऊर्जा खर्च होते. माशाला तो खटाटोप करावा लागत नाही. चहूबाजूंनी पाणीच असल्यामुळे तो बहुतेक अमोनिया थेट कल्ल्यांतून सोडून देतो. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो. वीस लिटरच्या टाकीत तो जाणार कुठे?

एक साधा हिशेब करून पाहा. माशांच्या खाद्यात ४० टक्के प्रथिनं आहेत असं धरू. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नत्राचा असतो. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात साधारण ६४ मिलिग्रॅम नत्र आलं. त्यातलं निम्मं जरी अमोनियाच्या रूपात बाहेर पडलं, तरी २० लिटर पाण्यात दर लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त नत्र मिसळलं. हे झालं फक्त एका ग्रॅमचं. न खाल्लेले दाणे खडीत कुजतात तेव्हा त्यांचाही अमोनियाच होतो. दोनशे लिटरच्या टाकीत हाच आकडा दहावा हिस्सा होतो. म्हणून छोटी टाकी सांभाळायला सोपी ही समजूत चुकीची आहे. छोट्या टाकीत चुकीला जागाच नसते.

हा अमोनिया किती घातक ठरेल ते पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असतं. पाण्यात तो दोन रूपांत असतो: एक मुक्त अमोनिया, दुसरं अमोनियम. अमोनियमवर विद्युतभार असतो, त्यामुळे ते कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहजी आत शिरत नाही. मुक्त अमोनिया शिरतो. पाणी २५ अंश सेल्सिअसला असताना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ९ झाला की एक तृतीयांशाच्या वर. तापमान वाढलं तरीही मुक्त अमोनियाचं प्रमाण वाढतं. त्यामुळे चाचणीत सारखाच आकडा दाखवणाऱ्या दोन टाक्यांपैकी एकीत मासे तग धरतात आणि दुसरीत तडफडतात.

निसर्गात या अमोनियावर जगणारे जिवाणू आहेत. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. वनस्पती ते घेतात, उरलेलं पाणी बदलताना निघून जातं. मधला टप्पा, म्हणजे नायट्राइट, मात्र वाईट. गोड्या पाण्यातला मासा कल्ल्यांतून क्लोराइड ओढून घेत असतो आणि नायट्राइट त्याच वाटेने आत घुसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते मेथहिमोग्लोबिन करतं, आणि मेथहिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. रक्त तपकिरी पडतं. पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. उपायही याच वाटेवर सापडतो. पाण्यात थोडं साधं मीठ असलं की त्यातलं क्लोराइड ती वाट अडवून धरतं. त्यासाठी २० लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण तिसरा हिस्सा, इतकं मीठही बरंच संरक्षण देतं.

हे सगळं कळायला माणसाला बराच काळ लागला. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचपात्रात दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगायी ठेवल्या, तर पाणी दीर्घकाळ चांगलं राहतं असं त्याला दिसलं होतं. आजच्या अॅक्वेरियमची ही एक सुरुवात. जिवाणूंचं काम त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. पुढे त्याच्याच मुलाने, त्याचंही नाव रॉबर्ट, रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीतल्या नत्रावर काम करताना दाखवून दिलं की अमोनियापासून नायट्रेट दोन टप्प्यांत बनतं आणि दोन्ही टप्पे वेगवेगळे सूक्ष्मजीव पार पाडतात. ते जिवाणू वेगळे काढणं त्याला जमलं नाही. १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांना ते साधलं. वडिलांच्या काचपात्रात जे चाललं होतं त्याचा उलगडा मुलाने शेताच्या मातीतून केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गोष्ट तिथे संपली नाही. २००५ मध्ये सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका टाकीच्या खडीतून अमोनियावर जगणारा एक सूक्ष्मजीव वेगळा काढला गेला. तो जिवाणू नव्हताच, आर्किया या निराळ्या कुळातला होता. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पिरा कुळातले जिवाणू सापडले. त्यांतले काही मत्स्यपालनाच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतूनच मिळाले होते.

आपल्या टाकीच्या दृष्टीने या मंडळींचा एक स्वभाव महत्त्वाचा आहे: ती फार सावकाश वाढतात. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. अमोनियापासून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी, आणि तेवढ्यात कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर उभं करायचं. म्हणून नवी टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी टाकीच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

मासे आणण्याआधी हे आठवडे काढावेत, असं माझं ठाम मत आहे. टाकी भरा, फिल्टर आणि हवेचा पंप चालू ठेवा, आणि पाण्यात थोडा शुद्ध, बिनसुगंधी अमोनिया घाला, लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंत. तो नसेल तर चिमूटभर खाद्य कुजू द्या. मग चाचणी संचाने मोजत राहा. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं, नंतर नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट चढतं. घातलेला दोन मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दाखवू लागलं, की टाकी तयार झाली. या काळात पाणी एकदा दुधासारखं गढूळ होतं. ते वेगळ्या, झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंमुळे होतं आणि आपोआप निवळतं. अनेक जण नेमके इथेच घाबरतात, सगळं उपसून टाकी घासूनपुसून पुन्हा भरतात, आणि आठवड्यांची कमाई धुऊन टाकतात.

कारण हे उपयोगी जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात. त्यामुळे पाणी बदललं तरी ते टिकतात, पण क्लोरीनच्या नळाखाली स्पंज धुतला तर मरतात. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. फिल्टर रात्री बंद ठेवण्याची सवयही घातक आहे. या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो आणि तोही भरपूर: एक ग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमच्या आसपास. शिवाय पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसात.

मासे आधीच आणले असतील तर? मग त्यांची सुटका तुमच्या बादलीत आहे. रोज मोजा आणि अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की पाव ते निम्मं पाणी बदला. नव्या पाण्यातलं क्लोरीन उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्याने उडून जातं, पण क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग, तसं जात नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट असलेला द्रव वापरावा लागतो, आणि क्लोरामाइन फुटताना थोडा अमोनिया सुटतो हे ध्यानात ठेवावं. खाद्य एक दिवसाआड आणि अगदी थोडं द्या. निरोगी, मोठ्या माशाला त्याने काही होत नाही. भराभर वाढणाऱ्या पाणवनस्पती लावा, त्या अमोनियम आवडीने शोषतात. मासा मलूल दिसला म्हणून लगेच औषध टाकू नका. काही प्रतिजैविकं नेमक्या याच जिवाणूंना मारतात. आधी पाणी मोजा.

फिल्टर नसलेल्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवू नये, यात मला तडजोड दिसत नाही. तो मासा वीस सेंटिमीटरच्या पुढे वाढू शकतो आणि अमोनियाही भरपूर सोडतो.

टाकी तयार झाली की बरंचसं पाणी बदलून साठलेलं नायट्रेट कमी करा आणि दोन-तीन छोटे मासेच आणा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान सारखं होतं. मासे बराच काळ पिशवीत असतील तर ती उघडल्यावर रेंगाळू नका. माशांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पिशवीतल्या पाण्याचा सामू उतरलेला असतो, म्हणून तिथला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच तो वायू निसटतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. मासे जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी बाहेर ओता. पुढचे मासे आणण्याआधी दोन आठवडे जाऊ द्या, म्हणजे वाढलेल्या अमोनियाच्या मानाने जिवाणूंनाही वाढायला वेळ मिळेल.