‘काय न्हाई’ या उत्तराचा रक्तदाब

रंकाळ्याच्या कठड्यावर सायंकाळी बसलेल्या जोडप्यातील एकाने ‘काय झालं?’ असे विचारावे आणि दुसऱ्याने पाण्याकडे पाहत ‘काय न्हाई’ म्हणावे, हा प्रसंग कोल्हापूरकरांना नवा नाही. आपली बोली रोखठोक म्हणून ओळखली जाते. तरीही तांबड्या रश्श्यात मीठ कमी पडल्याचे बेधडक सांगणारा तरुण ‘तुझं बोलणं मला लागलं’ एवढे सांगताना अडखळतो.

मनातले चेहऱ्यावर येऊ न देण्याची किंमत शरीर मोजते, हे जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये दाखवले. किळसवाणी चित्रफीत पाहताना चेहरा कोरा ठेवण्यास सांगितलेल्यांना किळस कमी वाटली नाही. उलट, शरीराला ताणासाठी सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेची हालचाल वाढली.

याहून बोलका प्रयोग एमिली बटलर आणि सहकाऱ्यांचा, 2003 मधील. एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांना अस्वस्थ करणारा चित्रपट दाखवून त्यावर बोलायला बसवले गेले आणि काही जोड्यांतील एकीला, दुसरीच्या नकळत, भावना लपवण्याची सूचना दिली गेली. अशा वेळी संवाद तुटक झाला आणि जिला काहीच सांगितलेले नव्हते, त्या समोरच्या स्त्रीचाही रक्तदाब अधिक वाढला. त्या प्रेमिक नव्हत्या, हे खरे. पण अनोळखी माणसाचा कोरा चेहराही एवढा जाचतो, तर ज्याच्या चेहऱ्यावरच आपला दिवस अवलंबून असतो त्याचा किती जाचत असेल, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

याचा अर्थ तोंडसुख घ्यावे असा नव्हे. ज्याचा राग आला त्याला आठवत ठोसे मारणाऱ्यांचा राग ओसरण्याऐवजी शांत बसलेल्यांपेक्षाही अधिक राहिला, असे ब्रॅड बुशमन यांना 2002 मध्ये आढळले. भडास काढल्याने मन हलके होते, ही आपली लाडकी समजूत तिथे टिकली नाही. भावनेला नाव देणे ही मात्र वेगळी क्रिया आहे. मॅथ्यू लीबरमन यांच्या 2007 मधील मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासात, चेहऱ्यावरील भावनेसाठी योग्य शब्द निवडताना धोक्याची दखल घेणाऱ्या अमिग्डाला या मेंदूच्या भागाची प्रतिक्रिया मंदावली. ‘मूड नाही’ यापेक्षा ‘तू मित्रांसमोर हसलास, मला अपमान वाटला’ हे वाक्य म्हणूनच अधिक उपयोगाचे.

अर्थात, प्रत्येक मौन घातक नसते. होसे सोटो यांच्या 2011 मधील अभ्यासात भावना दडपण्याचा मानसिक अस्वास्थ्याशी संबंध युरोपीय वंशाच्या अमेरिकनांमध्ये दिसला, हाँगकाँगच्या चिनी विद्यार्थ्यांमध्ये दिसला नाही. वडीलधाऱ्यांपुढे गप्प राहण्याची सवय असलेल्या आपल्या घरांना पाश्चात्त्य निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत, ते यामुळेच.

शिवाय आपण दुःखाचाच विचार करतो. शेली गेबल यांनी 2006 मध्ये प्रेमिकांचे संभाषण नोंदवले, तेव्हा जोडीदाराच्या आनंदाच्या बातमीला मिळणारा प्रतिसाद नात्यातील समाधानाशी अधिक घट्ट जोडलेला आढळला, वाईट बातमीचा तेवढा नाही. स्पर्धा परीक्षेची पूर्वपरीक्षा पास झाल्याचा फोन आल्यावर ‘बरं झालं’ म्हणून थांबायचे, की ‘कितव्या प्रयत्नात? घरी सांगितलंस का?’ असे विचारायचे, हा फरक तिथे मोजला गेला होता.