समाजमाध्यम-थकवा

समाजमाध्यम-थकवा : फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूट्यूब आदींच्या अतिवापराने येणारी मानसिक ग्लानी. चित्त न ठरणे, चिडचिड, झोप लांबणे आणि कंटाळा आला तरी हात पुन्हा मोबाइलकडे जाणे, ही तिची लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगविकाराचा समावेश आहे. या थकव्याला मात्र स्वतंत्र स्थान नाही.

संकल्पनेचे मूळ बहुधा ‘माहितीचा अतिभार’ या कल्पनेत शोधले जाते. ही संज्ञा अमेरिकी समाजशास्त्रीय अभ्यासक बर्ट्रम ग्रॉस यांनी १९६४ च्या सुमारास वापरली आणि १९७० मध्ये अमेरिकी लेखक आल्विन टॉफ्लर यांनी रूढ केली. काही अभ्यासक जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांच्या १९०३ मधील विवेचनापर्यंत मागे जातात : महानगरातील संवेदनांच्या माऱ्याने मन बोथट होते, असे त्यांचे म्हणणे. पण हा थकवा खान्देशातील शिरपूर-यावलकडील खेड्यांतही येतो, तेव्हा त्याचे मूळ महानगरात शोधणे पुरेसे नाही. माहिती वाढली की लक्ष अपुरे पडते, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांचे १९७१ मधील सूत्र अधिक ग्राह्य वाटते.

थकते नेमके काय, याविषयीही मतभेद आहेत. इच्छाशक्ती हा वापराने आटणारा साठा आहे, असा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी केलेल्या संयुक्त पडताळणीत तो परिणाम जवळपास आढळला नाही. प्रयत्नपूर्वक लावलेले लक्ष थकते आणि निसर्गसान्निध्यात ते पुन्हा ताजे होते, हे मानसशास्त्रज्ञ रेचल व स्टीफन कॅप्लन यांचे मत त्यामानाने टिकून आहे. बोटाने कितीही सरकवले तरी न संपणाऱ्या पानाची रचना (तिचे श्रेय सामान्यतः संगणक-रचनाकार ॲझा रॅस्किन यांना, २००६) वाचकाला थांबण्याची जागाच ठेवत नाही. म्हणून हा दोष केवळ वापरणाऱ्याच्या मनोबलाचा मानणे अन्यायाचे आहे.

खान्देशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे वापर वाढला. रावेरच्या केळीचे भाव, भाऊबंदांचे निरोप, अहिराणी या खान्देशी बोलीतील गाणी आणि विनोदी चित्रफिती सगळे एकाच पडद्यावर येते. उन्हाळ्याच्या दुपारी घराबाहेर पडवत नाही, तेव्हा हाताशी मोबाइलच असतो. अहिराणीला या माध्यमांनी जो श्रोता दिला, तो मोलाचा आहे. त्यामुळे मोबाइल सोडून द्या, हा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो.

मर्यादा घालण्याला संशोधनाचा काहीसा आधार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील १४३ विद्यार्थ्यांच्या २०१८ मधील प्रयोगात काहींनी तीन आठवडे प्रत्येक माध्यम दिवसाला १० मिनिटांपुरते वापरले. त्यांचा एकटेपणा व नैराश्य कमी झाले. सूचनांचे आवाज बंद करणे, शेतमालाचे भाव पाहण्याची वेळ ठरवणे, रात्री फोन उशापासून दूर ठेवणे, हे सोपे उपाय. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवण्याचा सामूहिक उपक्रम झाला. खान्देशात शेतावरचा भरीत-पुरीचा बेत किंवा कानबाई या देवीच्या सणातील रोटांची तयारी अशीच उपयोगी पडू शकते : वांगी भाजण्यात, पीठ मळण्यात हात गुंतलेले असतात आणि गप्पांना माणसे समोर असतात. सर्वांनी एकाच वेळी फोन ठेवला, तर काही हुकल्याची रुखरुखही कमी होते.

झोप, अभ्यास वा कामावर परिणाम दीर्घकाळ टिकल्यास समुपदेशन घ्यावे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा (२०२२ पासून) १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य असून ती मराठीतही मिळते.